एकट्या राजाची चाल

नानांची आणि माझी ओळख झाली ती त्यांच्या खेकसण्याने. नव्वद सालच्या आसपास माझी पनवेलला बँकेत बदली झाली आणि नानांच्या घराची वरची खोली मी भाड्याने घेतली. पहिल्याच रविवारी त्यांच्या ओटीवर बुद्धिबळाचा पट दिसला. हौसेने बसले. दोघांचेही वजीर मारले गेले, तरी माझा राजा आपला प्याद्यांच्या मागे कोपऱ्यात!

"अहो बाई, राजा म्हणजे काय लोणच्याची बरणी आहे, फडताळात झाकून ठेवायला? वजीर आहे तोवर राजानं घर सोडू नये, वजीर गेला की घरात बसू नये!"

आणि त्यांचा राजा निघाला. एकेक घर चालत, माझी प्यादी खात थेट माझ्या दारात आला.

नाना देशी पद्धतीने खेळत. त्यात समोरच्याची सगळी मोहरी मारली आणि राजा अगदी एकटा उरला, तर डाव बरोबरीत सुटतो. त्याला बुर्जी म्हणतात. जिंकायचं तर समोरच्याचं एखादं प्यादं मुद्दाम जिवंत ठेवावं लागतं. "एकट्याला मारण्यात कसला आलाय पराक्रम?" असं नाना म्हणत.

पटावर एवढा धीट माणूस, पण बायको, म्हणजे माई, गेल्यापासून त्यांनी फाटकाबाहेर पाऊल टाकलं नव्हतं. मुलगा परदेशात. वाणी सामान घरी टाकी, न्हावी घरी येई. तळ्यापर्यंत फिरून येऊ म्हटलं की नाना गुडघे चोळत. गुडघ्यांना काही धाड भरली नव्हती! दिवसभर ओटीवर बसून रस्ता बघायचे आणि संध्याकाळी मी फाटकाची कडी काढेपर्यंत पट मांडलेला असे. "दमलेय हो नाना," म्हटलं की चेहरा असा उतरायचा, की जळ्ळं मेलं ते दमणं, असं म्हणून मी बसायचे. वरच्या खोलीत माझी तरी कोण वाट बघत होतं?

मग धुळ्याला बदली झाली. शेवटच्या संध्याकाळी माझा राजा न सांगता बाहेर पडला, आणि मी चक्क जिंकायला आले. नानांकडे राजा आणि एकच प्यादं. माझ्या राजाने ते प्यादं खाल्लं. बुर्जी.

"अहो, काय केलंत हे? जिंकत होतात की!"

"एकट्याला मारू नये ना?"

नानांनी आपला राजा उचलून हातात घेतला. "एकट्या राजाला मात नसते, बाई. पण त्याचा डाव पुढे चालतही नाही."

मला भडभडून आलं आणि रागही आला. "मग तुम्ही का बसलात फडताळात? तुमचाही वजीर गेलाय ना?"

बोलले आणि जीभ चावली. नाना उठून आत गेले. त्यांनी दिवासुद्धा लावला नाही.

सकाळी बॅग घेऊन खाली उतरले, तर नाना चपला घालून फाटकाशी उभे. "चला, स्टँडवर सोडतो."

"आणि गुडघे?"

"राजाला एका वेळी एकच घर जायचं असतं."

कुंपणांना हात लावत, थांबत थांबत आले. गाडी वळेपर्यंत तिथेच उभे होते.

नंतर मी धुळ्यालाच राहिले. पट कधी मांडला नाही, कोणाबरोबर मांडणार? बऱ्याच वर्षांनी कामासाठी पनवेलला आले. परतताना स्टँडवर एका कंडक्टरने हटकलं. "तुमी नानांच्या बँकवाल्या बाई ना? नाना सोडाया आले तवा माझ्याच गाडीत बसला होता तुमी. नाना गेले ओ, मागल्या साली. रोज सांजचे पट घेऊन हितं यायचे, आमच्यासंगं खेळाया. एक बी दिवस चुकला नाय. तुमचं नाव लई काढायचे."

मी शेजारच्या बाकाकडे बघितलं.

"पट हितंच हाय, आमच्या खोलीत," तो म्हणाला. "खेळता का एक डाव?"

धुळ्याची गाडी लागली होती. तिकडे माझी वाट बघणारं कोणी नव्हतं. मी पिशवी बाकावर ठेवली.

"मांडा," म्हटलं. "पण देशी हं."