डागाच्या शेजारी

डागमास्तरांच्या हातचा डाग सुटला असं कधी कुणी ऐकलं नव्हतं. तांब्याच्या दोन तारा एकमेकींना पीळ देऊन बांधायच्या, तापलेल्या सळईने त्यांच्यावर कथील वितळवायचं आणि ते गार होईपर्यंत हात हलू द्यायचा नाही. कोशात याला डाख म्हणत असतील. काम करणाऱ्यांच्या तोंडी तो डागच. कपड्यावर पडतो तोही डाग, नावाला लागतो तोही डाग आणि पेटीत जपून ठेवतात तो दागिनाही डागच. "आमचा त्या तिसऱ्यातला," मास्तर म्हणायचे. सळई टेकवताना ते श्वास रोखत. त्यांची बायको दारातून बघायची आणि म्हणायची, "माझ्याकडे बघताना कधी एवढा श्वास अडकला नाही तुमचा."

उमेदवारी रेडिओच्या दुकानात झाली, मग सगळं आयुष्य इमारतींच्या भिंतींत गेलं. आपलं काम लिंपून टाकलं जातं, पुन्हा कुणाच्या दृष्टीस पडत नाही, याचं त्यांना कधी वाईट वाटलं नाही. बायको गेली आणि चहा एकट्यासाठी टाकायचा कंटाळा येऊ लागला, तेव्हा मुलीने त्यांना सासरी आपल्याजवळ आणलं. घर खाडीच्या काठी होतं. घरात दोन भाऊ, दोन जावा आणि मागच्या अंगणाला लागून धक्का. दोघा भावांची मिळून एक छोटी बोट होती. सिमेंटची पोती, पत्रे, कधी एखादं कपाट असं सामान ते पलीकडच्या काठाला पोचवत.

मुलीचा नवरा धाकटा. तो हिशेबी आणि कमी बोलणारा. थोरला विसरभोळा, आणि ते त्याचं नावच पडलं होतं. एकदा तो डिझेल न भरता निघाला आणि खाडीच्या मधोमध थांबून काठावरच्या माणसांना हात करत राहिला. लोकही बराच वेळ उलट हात करत राहिले. ही गोष्ट तो स्वतःच सांगायचा आणि सगळ्यांच्या आधी हसायचा.

मास्तर घरी राहायला आले त्या वर्षी बोटीतल्या वायरी जुन्या झाल्या होत्या. बाहेरचा माणूस कशाला, घरात मास्तर आहेत, असं धाकट्याने म्हटलं. मास्तरांना बरं वाटलं. जावयाच्या घरी राहणाऱ्या माणसाला काहीतरी करून दाखवायचं असतंच. इमारतीतल्या कामातून उरलेल्या चांगल्या वायरीचं वेटोळं त्यांच्याकडे होतं. बॅटरीपासून दिव्याला, दिव्यापासून पंपाला त्यांनी ती ओढली. पंप म्हणजे तळात झिरपणारं पाणी बाहेर फेकणारा, मुठीएवढा. पण लाकडी बोटीचा जीव त्याच्यात असतो.

थोरला शेजारी उकिडवा बसून बघत होता.

"काका, बोटीत डाग देत नाहीत म्हणतात. पितळेची टोपी घालून दाबून बसवतात."

"दाबून बसवतात ते बुटाचे खिळे," मास्तर म्हणाले. "धर इथे. हलू नकोस."

थोरल्याने धरलं. हललाही नाही.

पुढच्या हिवाळ्यात, एका संध्याकाळी पलीकडून रिकामी बोट आणायला थोरला एकटाच गेला. वारा होता, पण एवढा वारा दर आठवड्याला असतो. बोट सकाळी लव्हाळ्यात सापडली, कडेपर्यंत पाण्याने भरलेली. थोरला दुपारी सापडला.

बोट ओढून अंगणात आणली, पालथी घातली. पंप का चालला नाही, याचं उत्तर शोधायला कुणाला फार लांब जावं लागलं नाही. विसरला असणार. पंपाचं बटण लावायचं विसरला असणार. आयुष्यभर ज्या गोष्टीवर लोक हसले, तिच्यावरच आता त्यांनी शिक्का मारला. धाकट्याने स्वतः तसं म्हटलं, आणि भिंतीकडे तोंड करून तो बराच वेळ बसला.

थोरल्याची बायको, घरातली थोरली, एकटीच म्हणायची, "बटण वर होतं, लावलेलं. बोट ओढली तेव्हा मी पाहिलंय."

"वहिनी, ओढताना कुणाचा तरी हात लागला असेल."

"असेल," ती म्हणायची, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच सांगायची. हळूहळू तिच्या या वाक्याला कुणी उत्तर देईनासं झालं. समाचाराला येणारी माणसं तिचा हात हातात घेऊन म्हणत, "देवमाणूस होता, फक्त विसरायचा." त्या 'फक्त'पाशी ती आपला हात काढून घ्यायची.

मास्तर अंगणातल्या त्या बाजूला जात नसत. गुडघे दुखतात म्हणत.

हिवाळा सरता सरता धाकट्याने ठरवलं, बोट पुन्हा पाण्यात घालायची. दुसरं काही त्याला येत नव्हतं. सुतार फळ्या बघून गेला. मग धाकटा म्हणाला, "मामा, वायरीचं तुम्ही बघा एकदा."

बघावं लागलं. बोट सरळ केली होती आणि तिच्या पोटात वाळलेल्या चिखलाचा वास होता. मास्तर मागच्या बाकाखाली वाकले. त्यांचा डाग तिथेच होता. मीठ, चिखल, दोन महिने पालथं पडणं, कशानेही तो हलला नव्हता. अंगठ्याने पुसला तर चमकला. त्यांना एक क्षण हायसं वाटलं. मग सवयीने त्यांनी अंगठा पुढे सरकवला, आणि डागाच्या शेजारी, करंगळीभर अंतरावर, वायर मऊ लागली. वरचं आवरण धड होतं. आत काही नव्हतं. रिकाम्या बाहीसारखं ते दोन बोटांत चेपलं.

समजायला त्यांना कुणाची गरज नव्हती. कथील वितळताना तारांच्या आत शिरतं आणि तेवढा तुकडा सळईसारखा ताठ होतो. भिंतीत त्याने काही बिघडत नाही. भिंतीतली वायर झोपलेली असते. बोटीतली कधी झोपत नाही. इंजिनाची थरथर आणि लाटा रात्रंदिवस तिला हलवतात, आणि जिथे ताठपणा संपतो तिथेच ती रोज थोडी थोडी वाकत राहते. शेवटी एक एक तार तुटते. सांधा जितका पक्का, तितकं शेजारी लवकर तुटतं. डाग सुटला नव्हताच.

त्यांनी तो तुकडा कापून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

मुलीला त्यांनी दुसऱ्या दिवशी सांगितलं. ती कपडे वाळत घालत होती. ऐकून तिने हातातला सदरा पुन्हा पिळला, त्यात पाणी उरलं नव्हतं तरी.

"आणखी कुणाला सांगितलंत?"

"नाही."

"मग नकाच सांगू. भावजी काही परत यायचे नाहीत, बाबा. मला या घरात जन्म काढायचाय. उद्यापासून मी जाऊबाईंच्या समोर कशी बसू?"

"त्या बिचारीला वाटतं की—"

"त्यांना वाटतं बटण वर होतं. वाटू दे की. त्यांचं त्यांच्यापाशी खरं आहे ना?"

मुलगी चुकीचं बोलत नव्हती. तिने त्यांना आणलं होतं, ठेवून घेतलं होतं, सासरच्या माणसांत त्यांचा मान राखला होता. आता त्यांच्या एका वाक्याने ती त्या घरात परकी होणार होती. झाकली मूठ तशीच ठेवावी, असं त्यांनी आठवडाभर ठरवलं. पण जेवायला वाकले की खिशातला तुकडा छातीला टोचायचा, आणि समोरून थोरली विचारायची, "काका, आणखी वाढू?"

एका दुपारी जेवणं आटोपल्यावर त्यांनी तो काढला आणि थोरलीच्या पुढे ठेवला.

"ओढ," ते म्हणाले.

तिने दोन्ही टोकं धरून ओढलं. आवरण लांबलं, पांढुरकं झालं, आणि मधेच तटकन सुटलं. आत तुटलेली तांब्याची टोकं हिरवी पडली होती.

"पंपाची वायर आहे. माझ्या डागाशेजारी तुटली. बटण त्याने लावलं होतं. विसरला नव्हता तो."

धाकटा उठून उभा राहिला आणि पुन्हा बसला. मुलगी भांडी घेऊन आत गेली. आतून ती घासल्याचा आवाज मात्र आला नाही.

थोरलीने विचारलं, "कधीपासून माहीत आहे?"

"आठवडा झाला."

"मी रोज वाढत होते तेव्हा खिशातच होतं?"

"खिशातच."

"त्यांनी तुम्हाला विचारलं होतं. दाबून बसवतात ना म्हणून. घरी येऊन मला सांगितलं होतं, काकांनी बुटाचे खिळे म्हणून उडवून लावलं." ती हसण्यासारखं काहीतरी करून थांबली. "बघा, हे त्यांच्या लक्षात होतं."

धाकटा मोठ्या कष्टाने म्हणाला, "मी वायरीसाठी दुसरा माणूस बघतो, मामा."

"नको," थोरली म्हणाली. "दुसऱ्याला कसली भीती असणार? यांनाच करू दे. यांना आता भीती आहे."

"वहिनी, त्यात जायचंय मला."

"म्हणूनच म्हणते."

दुकानात ती त्यांच्याबरोबर गेली. धक्क्याजवळ दोर, रंग, नांगर विकणारं ते दुकान. दुकानदाराने मास्तरांना पक्कड हातात घेताना पाहिलं.

"काय मास्तर, सूर्य आज कुठून उगवला? तुम्ही आणि दाबायची पक्कड?" मग मागे उभी असलेली थोरली त्याला दिसली आणि तो वायरींच्या वेटोळ्यांकडे वळला.

मास्तरांनी घाई केली नाही. एक वायर सोलली. आत जाड जाड थोड्या तारा. बाजूला ठेवली. दुसरीत बारीक पुष्कळ, पण लालभडक तांबं. "खाऱ्या हवेत काळं पडेल हे." तिसरी सोलली तर आतल्या तारा केसांइतक्या बारीक आणि रुपेरी. प्रत्येक तारेला भांड्यासारखी कल्हई केलेली. बोटाभोवती गुंडाळली तर ती दोऱ्यासारखी बसली. वरचं आवरण डिझेलने सुजणारं नको, तेही त्यांनी विचारलं.

"किती लांब देऊ?" दुकानदार म्हणाला. "बॅटरीपासून पंप काही फार लांब नाही."

"जाऊन-येऊन धर," मास्तर म्हणाले. "वीज नुसती जात नाही, तिला परत यायचं असतं. लोक जाण्याचं अंतर बघून जाडी ठरवतात आणि येण्याचं विसरतात." बोलून झाल्यावर आपण काय बोललो ते त्यांच्या लक्षात आलं. थोरली काउंटरवरच्या पितळी टोप्या एका रांगेत लावत होती. तिने मान वर केली नाही.

काम संथपणे झालं. फ्यूज बॅटरीच्या अगदी जवळ. तळाच्या पाण्यापासून सगळे सांधे वर. वितीवितीला पट्टी, म्हणजे वायर लोंबकळणार नाही. सळईची पेटी त्यांनी खोलीतच ठेवली होती. तरी मधूनमधून त्यांचा हात तिच्या जागी जायचा आणि रिकामा परत यायचा. मुलगी त्यांना चहा आणून द्यायची, पेला फळीवर ठेवायची आणि परत जायची. दोघी जावांत आता कामापुरतं बोलणं उरलं होतं. मीठ कुठे आहे, नळ आला का.

बोट पाण्यात घालायच्या सकाळी थोरली बाकाखाली शिरली.

"आता ओढून बघते," ती म्हणाली.

एकेक सांधा धरून तिने ओढला. लाजतबुजत नाही, दावं तोडायला निघालेल्या जनावराने ओढावं तसा. दिव्याचे टिकले. फ्यूजचे टिकले. पंपाचा पहिला टिकला. दुसऱ्या सांध्यात वायर टोपीतून सरळ निघून तिच्या हातात आली.

ती बाहेर आली आणि तो मोकळा तुकडा तिने मास्तरांच्या समोर धरला. धाकटा धक्क्यावर उभा होता. त्याचा चेहरा उतरला.

"दाबलं होतं मी," मास्तर म्हणाले. त्यांनी स्वतःचा उजवा हात पाहिला. डाग द्यायला जोर लागत नाही. हात स्थिर असला की पुरतं. साठ वर्षं त्या हाताकडे कुणी जोर मागितलाच नव्हता. त्यांनी नवी टोपी घातली, पक्कड लावली, दातओठ खाऊन दाबली. थोरलीने ओढलं. निघाली.

"द्या इकडे," ती म्हणाली.

त्यांनी पक्कड दिली. तारांची टोकं न चुरडता टोपीत कशी सरकवायची, ते त्यांनी तिला दाखवलं आणि टोपी धरून ठेवली. तिने पक्कडीच्या मुठी दोन्ही हातांत घेतल्या आणि अंगाचा सगळा भार त्यांच्यावर टाकला. पितळ चेपल्याचा बारीक आवाज आला. ती दाबतच राहिली.

"पुरे," मास्तर म्हणाले. "बसलं."

ती सोडेना. टोपी धरलेलं मास्तरांचं बोट पक्कडीत चिमटलं होतं, तेही त्यांनी काढलं नाही. मग तिने सोडलं, वायर ओढली, पुन्हा ओढली. मग आधी टिकलेले सगळे सांधेसुद्धा तिने पहिल्यापासून दाबले.

धाकट्याने बोट सोडली. इंजिन सुरू झालं, आणि थोड्या वेळाने कडेच्या भोकातून पंपाचं पाणी पडू लागलं. मुलगीही अंगणात येऊन उभी राहिली होती, बापापासून थोडी लांब. इंजिनाच्या आवाजाखालून तो पाण्याचा आवाज वेगळा ओळखायची तिघंही धडपड करत होती. बोट वळली तसा आधी तो हरवला, मग इंजिनाचाही.

"संध्याकाळी आली की परत ओढून बघेन," थोरली म्हणाली. "रोज."

"हो," मास्तर म्हणाले.

ती आत गेली नाही. त्यांनी पक्कड पुसली आणि बसायला पालथी बादली जवळ ओढली. बोटाच्या काळ्यानिळ्या पेरावर फुंकर घालत ते बोटीच्या परत येण्याची वाट बघत बसले.