आण्णांच्या सूचनेतला बंद नंबर

मित्रांनो, आमचे आण्णा हरवल्याची सूचना इंटरनेटवर शोधली, तर आमचा बंद झालेला जुना फोन नंबरच समोर येतो. शाहूपुरीत वेबसाइट बनवणाऱ्या सलीमने आज दुपारी ते मला दाखवलं.

आण्णांना, म्हणजे माझ्या वडिलांना, काही आठवेनासं झालं होतं. दिवाळीनंतर ते घरातून निघाले, ते परतलेच नाहीत. वर्तमानपत्रांना देतो तसा एकच मजकूर मी चार-पाच वेबसाइटवर टाकला. घरचा फोन वरचेवर बिघडायचा म्हणून नंतर तो बंद करून मोबाइल घेतला आणि सूचनांमध्ये नवा नंबर टाकला. एक वेबसाइट तेवढी राहून गेली.

आज सकाळी निपाणीचे एक चहावाले सूचनेतला पत्ता शोधत दारात आले. “पावणं, पोरानं नेटवर फोटो दावला. किती फोन लावले की! लागतच न्हाय. म्हातारं माझ्याकडं चा पिऊन गेलं, आठवडा झाला.”

आईने एवढंच विचारलं, “चा संगं काय खाल्लं का वो?”

भाऊ लगेच निपाणीला गेला, मी सलीमकडे. तो म्हणाला, “काका, नंबर सोडला तर मजकूर सगळीकडं सारखा हाय. मग सर्च इंजिन एकच पान दाखवतंय, बाकीची दडवतंय. त्यानं नेमकं जुनं धरलंय.”

ते पान काढायला त्याने त्या वेबसाइटला कळवलंय, पण सर्चमधून जायला काही दिवस लागतील. तोवर कुणीही तोच नंबर फिरवेल. उद्या टेलिफोन ऑफिस उघडेल, तेव्हा जुना नंबर परत मागायला मी दारात उभा असेन.