काल्हेरचा वॉचमन आणि आभाळातला जाळ

ती केस मनातून जाता जात नाही. माझं पोलीस खात्यातल्या नोकरीचं शेवटचं वर्ष होतं. काल्हेरच्या एका गोदामातून भर संध्याकाळी कापडाचे तागे टेम्पोत भरून नेले होते. कॅमेऱ्यात तोंडं बांधलेली तीन माणसं दिसत होती. खबऱ्याने टीप दिली, की त्यातला एक तिथलाच वॉचमन. पाड्यावरून आलेला, साठी उलटलेला, गोदामातच राहणारा. उचलला.

"कुठे होतास?"

"टपरीवर, साहेब. आभालातून जाल गेला, तो बगत व्हतो."

ठाणे अंमलदार खो खो हसला. मीही वैतागलो. चोरीच्या वेळेला आभाळ बघतो म्हणे!

टपरीवाल्याला विचारलं. "रोज आता है, साब. नाम नहीं मालूम." रोजच्या गिऱ्हाइकाचं नावसुद्धा माहीत नाही! चौकशीला घरचंही कोणी फिरकलं नाही. म्हाताऱ्याला तुरुंग दिसत होता आणि त्याच्या बाजूने बोलणारं कोणी नव्हतं.

टपरीसमोरच्या मेडिकलचा कॅमेरा तपासला. म्हातारा बाकड्यावर बसलेला होता, पण त्या कॅमेऱ्याचं घड्याळ साफ चुकलेलं. चोरी करून मग चहाला आला, असं कोणीही म्हणालं असतं. तेवढ्यात पडदा उजळला. आभाळातून आगीचा गोळा सरकत गेला. म्हातारा ताडकन उठला, शेजारच्यांना हात करकरून दाखवू लागला. सगळे मोबाईलमध्ये. एकानेही मान वर केली नाही.

मी गोदामाचं चित्रीकरण पुन्हा लावलं. टेम्पो भरत असतानाच अंगणभर तसाच उजेड पडला आणि तिघेही चोर दचकून वर बघू लागले. त्या संध्याकाळी उल्का पडल्याचं बातम्यांतही आलं होतं. मग घड्याळं गेली खड्ड्यात! एकाच क्षणी माणूस दोन ठिकाणी कसा असेल? खबऱ्याला दम भरला, तर त्याला पढवणारा गोदामाचाच मुकादम निघाला. कुलूप त्यानेच उघडून दिलं होतं.

सोडताना म्हटलं, "बाबा, न्यायला कोणाला बोलावू?"

"कोन न्हाय, साहेब." मग हळूच म्हणाला, "तुमी बगला ना तो जाल?"

"बघितला. दोनदा बघितला."

सुटका झाल्याचं ऐकूनही डोळे कोरडे राहिलेला तो माणूस तेव्हा ढसाढसा रडला.

साक्षीदार फक्त कोर्टाला लागतो, असं मी नोकरीभर समजत होतो. आता बायको हयात नाही, मुलगा परगावी. गॅलरीतून काही वेगळं दिसलं की "अगं, बघ" म्हणायला तोंड उघडतं, आणि मी ते मिटून घेतो.