मुळे सरांचा फाईव्ह नाईन

सोनईत माधव मुळे सरांचं घर विचारलं तर कुणी गल्ली सांगत बसत नाही. "ते तारेचं घर," एवढं म्हणून लोक हात वर करतात. गच्चीवर उंच लोखंडी पाइप आणि त्याच्या टोकावरून दोन्ही बाजूंना उतरत गेलेली तांब्याची तार. तारेचं एक टोक अंगणातल्या शेवग्याला आणि दुसरं शेजाऱ्याच्या गोठ्याला बांधलेलं. शेजारी सज्जन आहे म्हणून चाललंय. नवख्या माणसाला वाटतं, ही कपडे वाळत घालायची सोय असेल. मग कुणीतरी त्याला सांगतं, की बाबा रे, ती अँटेना आहे, सर हॅम आहेत.

हॅम म्हणजे हौशी रेडिओवाला. सरकारची परीक्षा द्यायची, परवाना काढायचा आणि घरच्या सेटवरून मुलखातल्या नाहीतर मुलखाबाहेरच्या अशाच दुसऱ्या वेड्याशी बोलायचं. हातात मोबाईल असताना हा उपद्व्याप कशाला, असं प्रेमलाबाईंनी, म्हणजे सरांच्या पत्नीने, एकदा विचारलं होतं. सर म्हणाले, "मोबाईलवर माणूस नुसता बोलतो. इथे आधी ऐकावं लागतं." नव्याने येणाऱ्या प्रत्येकाला त्यांचा पहिला धडा हाच असायचा. बटण दाबायच्या आधी ऐका. कुणी बोलत असेल तर थांबा. दोन बोलण्यांच्या मध्ये एक श्वासभर जागा सोडा, कारण एखादा अडचणीतला माणूस त्या जागेची वाट बघत असेल.

सर हायस्कुलात भौतिकशास्त्र शिकवायचे. निवृत्त झाल्यावर त्यांचा वर्ग हवेत भरू लागला. दर रविवारी सकाळी चहाच्या सुमाराला जिल्ह्यातले दहा-बारा हॅम आपापल्या घरी एका ठरलेल्या फ्रिक्वेन्सीवर सेट लावत, आणि सर यादीप्रमाणे एकेकाची हजेरी घेत. हजेरी देणाऱ्याला बदल्यात दोन आकडे मिळत. पहिला आकडा तुमचं बोलणं किती समजलं त्याचा, तो जास्तीत जास्त पाच. दुसरा आवाज किती जोरकस आला त्याचा, तो जास्तीत जास्त नऊ. फाईव्ह नाईन म्हणजे उत्तम, त्याच्या वर काही नाही. बहुतेक हॅम हा फाईव्ह नाईन खिरापतीसारखा वाटतात. समोरचा खूश, आपणही खूश.

मुळे सर मात्र या बाबतीत महाकंजूष. शाळेत त्यांनी कधी कुणाला फुकटचा अर्धा मार्क दिला नाही, इथे तरी कसा देतील? शेवगावात मोटर रिवाइंडिंगचं दुकान चालवणारा अजिनाथ पहिल्यांदा हजेरीला आला तेव्हा त्याला मिळाला थ्री फोर. बिचारा हिरमुसला. पण सरांनी आकड्याबरोबर कारणही सांगितलं, तार किती उंच हवी, किती लांब हवी, जोड कसा द्यायचा. अजिनाथ रविवारमागून रविवार तार कापत राहिला, चढवत राहिला, आणि ज्या दिवशी सरांच्या तोंडून फाईव्ह नाईन निघाला त्या दिवशी त्याने दुकानात पेढे वाटले. गिऱ्हाइकांना वाटलं, मुलगा झाला असेल. कोल्हारला औषधांचं दुकान असलेली रेश्माही अशीच तावूनसुलाखून निघालेली. सरांनी आकडा दिला की कुणी वाद घालत नसे. त्या आकड्यावर भरवसा ठेवून माणसं पाइपावर चढायची.

आणि मग सरांचे कान गेले.

एकदम नाही गेले. कान असे दगाबाज, की जाताना सांगून जात नाहीत. आधी देवघरातली घंटा गेली. मग कुकरची शिट्टी. मग प्रेमलाबाईंची हाक. शुगर फॅक्टरीचा भोंगा मात्र ऐकू यायचा, शेजारच्या म्हशीचं हंबरणंही यायचं, म्हणून बरेच दिवस सर म्हणत राहिले की मला काही झालेलं नाही, तूच हळू बोलतेस. नगरच्या डॉक्टरांनी तपासून सांगितलं, बारीक सूर गेलेत, जाड सूर शाबूत आहेत, यंत्र लावा. यंत्र लावलं. घरात त्याने थोडंफार भागलं, पण सेटसमोर बसलं की स्पीकरची खरखर कानात तव्यावरच्या फोडणीसारखी तडतडायची आणि माणसाचा आवाज तिच्यात बुडून जायचा. प्रेमलाबाईंनी हाक मारणं सोडलं. सरांना बोलवायचं असलं की त्या खोलीतला दिवा दोनदा चालू-बंद करायच्या.

गंमत अशी, की मोर्स त्यांना अजून ऐकू यायचा. मोर्स म्हणजे आखूड आणि लांब ठोक्यांची ती जुनी भाषा. त्यात आवाज एकच असतो, आणि सेटचं बटण किंचित फिरवलं की तो हवा तेवढा जाड करता येतो, भोंग्याइतका जाड. त्यामुळे जपानातला कुणी अनोळखी माणूस सरांना कळायचा. पण शेवगाव कळत नव्हतं, कोल्हार कळत नव्हतं. कारण आपली मंडळी! परीक्षेपुरता मोर्स घोकायचा आणि परवाना हातात पडला की विसरून जायचा. सरांनी वर्षानुवर्षं कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, मोर्स सोडू नका. "व्हय सर," म्हणायचे सगळे, आणि पुन्हा माइक हातात घ्यायचे.

खरं तर सरांनी तेव्हाच सांगून टाकायला हवं होतं. पण रविवारची ती हजेरी सोडली तर त्यांच्याकडे काय उरत होतं? मग त्यांनी एक युक्ती काढली. ती सांगताना मलाच वाईट वाटतं. सेटवर एक काटा असतो. कुणी बोलायला लागलं की तो वर जातो, थांबलं की खाली पडतो. सर काट्याकडे बघायला लागले. यादीतलं नाव घ्यायचं, काटा हलला की माणूस हजर, काटा पडला की बोलणं संपलं, आणि मग म्हणायचं, "फाईव्ह नाईन, छान!" सगळ्यांना फाईव्ह नाईन. पहिल्या रविवारी मंडळी हरखली, दुसऱ्या रविवारी चकित झाली. तिसऱ्या रविवारी रेश्माच्या मनात पाल चुकचुकली.

श्रावणातली सकाळ होती. रात्रभर भुरभुर लागलेली. शेवगावात अजिनाथच्या अँटेनाच्या वरच्या जोडाची चिकटपट्टी सुटून आत पाणी गेलं होतं, आणि त्याचा आवाज विहिरीच्या तळातून आल्यासारखा येत होता. त्याने मुद्दाम विचारलं, "सर, माझ्यात कायतरी गडबड वाटतीय का? तुमी सांगा, म्हंजी वर चढतो." काटा हलला, काटा पडला. सर म्हणाले, "फाईव्ह नाईन, अजिनाथ! एकदम स्वच्छ!" लगेच रेश्मा मध्ये आली. "सर, मला अजिनाथभाऊ अर्धेसुद्धा कळले नाहीत. पाणी गेलंय बहुतेक." काटा हलला, काटा पडला. सर म्हणाले, "रेश्मा, तुलाही फाईव्ह नाईन."

चहा घेऊन आलेल्या प्रेमलाबाई दारातच थांबल्या होत्या. त्यांचे कान ठणठणीत. त्या पुढे आल्या आणि यंत्र लावलेल्या कानाशी वाकून म्हणाल्या, "अहो, ती काय म्हणतेय आणि तुम्ही काय सांगताय?"

आता इथे सरांच्या हातून ती चूक झाली जी फक्त हॅम लोकांच्याच हातून होते. त्यांचा टेबलावरचा माइक जुना. बोलताना त्याची पट्टी दाबून धरावी लागते, आणि बोट दुखू नये म्हणून ती खाली अडकवून ठेवायची सोय असते. बोलणं झालं की पट्टी सोडायची. सर ती सोडायला विसरले आणि खुर्ची वळवून बायकोकडे तोंड करून बसले. पाठीमागे सेटचा लाल दिवा जळत राहिला. खोलीतला शब्दन् शब्द जिल्हाभर जात होता.

"मला काही ऐकू येत नाही गं," सर म्हणाले. "काटा हलला की कुणीतरी आहे एवढं कळतं. अजिनाथ काय म्हणाला, माहीत नाही. रेश्मा काय म्हणाली, माहीत नाही. मी नुसता आकडा फेकतो. आयुष्यात कुणाला खोटा मार्क दिला नाही आणि आता दर रविवारी देतोय. ही पोरं त्या आकड्यावर विसंबून राहतात. मला लाज वाटते."

"मग सांगून टाका ना त्यांना."

"काय सांगू? की तुमचा आवाज मला आता कधीच ऐकू येणार नाही? माझ्याच्याने नाही होणार. खंडेनवमीला सेटची पूजा करीन, सगळ्यांचा निरोप घेईन आणि तार उतरवीन. तोवर जमेल तसं ओढतो."

बोलून झाल्यावर त्यांनी चहाला हातही लावला नाही. तिरमिरीत उठले आणि सेटचं मुख्य बटणच बंद करून अंगणात निघून गेले. पट्टी खालीच राहिली.

थोड्या वेळाने प्रेमलाबाईंचा मोबाईल वाजला. रेश्मा होती. म्हणाली, "काकू, सरांच्या माइकची पट्टी खाली अडकलीय का बघा. आम्ही सगळ्यांनी ऐकलं." प्रेमलाबाईंनी जाऊन पट्टी सोडवली आणि तिथेच खुर्चीत बसल्या. रेश्मा विचारत होती, "काकू, सरांना काहीच ऐकू येत नाही का?"

"माझी हाक येत नाही," प्रेमलाबाई म्हणाल्या. "फॅक्टरीचा भोंगा येतो. आणि ती परदेशातली टिकटिक येते. ती मात्र तासन्‌तास ऐकतात."

"सरांना यातलं काही सांगू नका हं, काकू," रेश्मा एवढंच म्हणाली.

त्यानंतरच्या रविवारी हजेरी नेहमीसारखी झाली. सगळ्यांनी फाईव्ह नाईन मुकाट घेतला. अजिनाथने जोड कधीच दुरुस्त केला होता, रेश्माला विचारून. भाद्रपद गेला. सरांनी माळ्यावरून दोरी काढून गच्चीच्या जिन्यात ठेवली, तार उतरवायला. येताजाता ती दोरी दिसायची आणि प्रेमलाबाई तोंड फिरवायच्या. हे बोलणं पोटात ठेवणं त्यांना किती जड गेलं, ते त्यांचं त्यांनाच ठाऊक.

खंडेनवमीला लोक नांगर-कुऱ्हाडी पुजतात, गाड्या पुजतात. ही मंडळी सेट पुजतात. सरांनी सकाळी अंघोळ करून सेट पुसला, माइकला आणि मोर्सचे ठोके द्यायच्या जुन्या पितळी कीला हळदकुंकू वाहिलं, झेंडूची फुलं ठेवली. सणाची खास हजेरी ठरलेली होती. निरोपाचे शब्द त्यांनी मनात जुळवले होते. आधी हजेरी, मग निरोप. त्यांनी यादीतलं पहिलं नाव घेतलं, "रेश्मा, कोल्हार," आणि पट्टी सोडून काट्याकडे बघत बसले.

काटा वर गेला आणि तत्काळ पडला. पुन्हा गेला, पडला. मग जरा रेंगाळला, पडला. एखादा जोड सैल असावा तसा उड्या मारत होता. सर पुढे वाकले. एवढ्या वर्षांच्या सवयीने हात आपोआप बटणाकडे गेला आणि त्यांनी ते किंचित फिरवलं. स्पीकरमधून एक जाड, घोगरा सूर वर आला. तुटक, अडखळता, पण स्पष्ट. सरांचे ओठ हलायला लागले. "एन... ए... एम... ए..." रोमन अक्षरांत नमस्कार येत होता. त्यातल्या एसला तीन ठोके हवेत, रेश्माने चार दिले.

सरांनी माइकच्या पट्टीकडे बघितलं. मग दारात उभ्या प्रेमलाबाईंकडे. "पट्टी... त्या दिवशी?" त्यांनी विचारलं. प्रेमलाबाईंनी होकारार्थी मान हलवली. सरांचे डोळे भरून आले आणि काटा दिसेनासा झाला, पण आता काट्याची गरज नव्हती.

"रेश्मा," ते माइकवर म्हणाले, आवाज जरा सावरून, "फोर सेव्हन. एस नीट घोटून घे."

एकेक करून सगळे आले. कुणी चुकत, कुणी पुन्हा पहिल्यापासून. नेवाशाचा ज्ञानेश्वर मध्येच हरवला तो सापडलाच नाही. शेवटी अजिनाथ. त्याने दुकानात मोटरींचे पंखे फिरत असताना सराव केला होता म्हणे, आणि तो सराव ऐकूही येत होता. ठोके एकमेकांवर चढत होते, लांब ते आखूड, आखूड ते लांब. खूप वेळाने त्यातून 'सर' हा एवढा एक शब्द धड निघाला.

सरांनी पट्टी दाबली. सणाचा दिवस. माणूस दोन महिने खपलेला, आपल्यासाठी. फाईव्ह नाईन जिभेवर आलाच होता. सरांनी तो गिळला.

"अजिनाथ," ते म्हणाले, "टू सेव्हन. एक शब्द कळला. बाकी सगळा चिखल."

पट्टी सोडली. काटा वर गेला तो खाली येईचना, नुसता थरथरत राहिला. सरांना काही कळेना. त्यांनी प्रेमलाबाईंकडे बघितलं.

"सगळे एकदम हसतायत," त्या यंत्राच्या कानाशी वाकून म्हणाल्या. मग थोडं ऐकून, "आणि अजिनाथ म्हणतोय, लई दिवसांनी खरा आकडा मिळाला, सर. आज पेढे वाटतो."