मानेतली शेगडी

मंगळवारी सकाळी साडेनऊला माझ्या बायकोला, शैलाला, स्कॅनसाठी किरणोत्सारी साखरेचं इंजेक्शन दिलं. पुढे तासभर न बोलता पडून राहायचं होतं. एसी एकोणीसवर होता. तिने पांघरूण मागितलं नाही. "कशाला उगाच त्यांना त्रास," असं नंतर म्हणाली.

स्कॅनमध्ये छातीतली कॅन्सरची गाठ उजळली होतीच, पण मानेच्या दोन्ही बाजूही उजळल्या होत्या. कॅन्सर तिथवर गेला असेल तर ऑपरेशन होणार नव्हतं.

"काका, थंडीचंही असू शकतं," डॉक्टर म्हणाले. "गार वाटलं की मानेतली चरबी साखर जाळते आणि नुसती ऊब तयार करते. गाठही साखर ओढते. स्कॅनमध्ये दोन्ही सारखंच दिसतं."

म्हणजे तिच्या मानेत एक शेगडी होती, आणि तिच्यावर काहीच शिजत नव्हतं. सव्वीस वर्षांच्या संसारात मला हे माहीत नव्हतं. घाबरायला हवं होतं, पण मी फक्त तिची मान बघत राहिलो.

आठवड्याने दोन ब्लँकेटं घालून पुन्हा स्कॅन केला. "उकडून मारता का मला?" ती कुरकुरली. या वेळी मानेत काहीच दिसलं नाही.

"म्हणजे गाठ एकच आहे ना?" शैलाने विचारलं.

"एकच," मी म्हणालो. तेवढ्यावर आम्ही दोघंही समाधानी होतो.