राहेलनं ऐकलेला उपदेश

वारूळवाडीच्या ख्रिस्ती मंडळीत सावळेराम उजागऱ्यांना सगळे कंडक्टरच म्हणायचे. एसटीतून निवृत्त होऊन बरीच वर्षं झाली, पण ते नाव काही अंगावरून उतरलं नाही. नारायणगाव आगारात त्यांनी उभी हयात तिकिटं फाडली, आणि ज्या रविवारी रजा मिळायची त्या रविवारी देवळात उपदेश केला. देऊळ म्हणजे तरी काय, पत्र्याचं छप्पर, शहाबादी फरशी, एका अंगाला बायकांच्या सतरंज्या नि दुसऱ्या अंगाला पुरुषांच्या. पंधरा-वीस घरांची मंडळी. पाळकसाहेबांकडे आणखीही गावं होती, त्यामुळं त्यांना इथं दर रविवारी यायला जमायचं नाही. ते आले नाहीत की संदेश द्यायला कंडक्टर उभे राहायचे.

आवाज असा की माईकची गरज नव्हती. घाटात इंजिनाच्या घरघरीवर आवाज चढवून चढवून तो तसा तयार झाला होता. विषयही बहुतेक एकच, स्वर्गाची तयारी. "गाडी कवा सुटंल ते बोर्डावर लिवलेलं नसतंय," ते सांगायचे. "तयार ऱ्हावा. आन लई गठुडी बांधू नका, ही गाडी टपावर सामान घेत न्हाई." माणसं हसायची, मग गप्प व्हायची. कंडक्टरांना ते गप्प होणं आवडायचं. आपलं बोलणं कुठंतरी टेकलं असं वाटायचं.

हा नाद त्यांना लहानपणी लागला होता. त्यांचं मूळ गाव महाळुंगे पडवळ. वडील चिमाजी दुसऱ्याच्या शेतावर राबायचे. महिन्या-दोन महिन्यांतून एकदा मंचरच्या बाजूनं धर्माजी मास्तर नावाचे उपदेशक चालत यायचे. खांद्याला कापडी पिशवी, पायात टायरच्या वहाणा, धोतर गुडघ्यापर्यंत धुळीनं लाल. माणसं शेतातून परतली की वस्तीबाहेरच्या चिंचेखाली बसायची. आई घरात असेल ते पुढं करायची. कधी गूळशेंगा, कधी नुसताच काळा चहा. आधी एखादं गीत व्हायचं, मग प्रार्थना, मग मास्तर बोलायला लागायचे. ते कधीच ओरडत नसत. काल-परवाच जाऊन आलेल्या पाहुण्यांच्या गावाबद्दल सांगावं तसं ते स्वर्गाबद्दल सांगायचे.

एकदा ते म्हणाले होते, "तिथं उंबऱ्यावर कुणी आडवत न्हाई. कोण, कुणाचा, आसं इचारत न्हाई. आत ये, म्हणत्यात. आन तिथं जायचं तर हितं आपलाबी उंबरा मोकळा ठेवायला शिकलं पायजे. तयारी ती हीच."

चिमाजींना गावातल्या कितीतरी उंबऱ्यांबाहेर उभं राहावं लागलेलं. ते गुडघ्यांत डोकं घालून रडले. सावळेरामांनी बापाला रडताना पाहिलं ते तेवढंच. घरी जाताना बापाचं बोट धरून चालताना त्यांना वाटलं होतं, नुसत्या बोलण्यानं माणसाला असं होत असेल, तर आपणही मोठं झाल्यावर हेच करायचं. पुढं पोटासाठी एसटी धरावी लागली, पण ते खूळ काही गेलं नाही. घोडेगावच्या गाडीवर ड्यूटी असली की महाळुंग्याच्या फाट्यापाशी ते खिडकीतून त्या चिंचेकडं बघायचे. रस्ता रुंद करताना ती तोडली गेली, तरी बघायचे.

अलीकडं देवळातली हवा बदलली होती. पोरं शिकली, चाकणच्या कंपन्यांत लागली, रविवारी मोटारसायकली नि गाड्यांनी उपासनेला यायला लागली. पेटी जाऊन कीबोर्ड आला. तो वाजवायची कंडक्टरांची सूनच, प्रतिभा. गीतं वाढली, टाळ्या वाढल्या. मग एका सभेत असं ठरलं की संदेश पंधरा मिनिटांत आटपावा, माणसांना पुन्हा कामं असतात. कुणी वाईट हेतूनं बोललं नव्हतं. कंडक्टरांनीही मान डोलावली. पण घरी आल्यावर ते पायरीवर बसून राहिले.

बायकोला म्हणाले, "राहेल, उपदेश म्हंजी आता ताटातलं लोणचं झालंय. आसलं तर आसलं. आन लोकांचं काय सांगू, तूबी डोळं मिटूनच बसती. मी बोलाय लागलो की तुजी झोप सुरू."

राहेल राजुरीची. टोमॅटोच्या तोडणीला, द्राक्षांच्या विरळणीला वर्षानुवर्षं जाऊन हातांची सालटी निघालेली. देवळात ती कायम खिडकीखाली बसायची. ती हसली नि म्हणाली, चहा घ्या, गार होतोय.

त्याच साली पावसाळा सरताना तिचं पोट दुखायला लागलं. आधी पित्त म्हणून चूर्ण झालं, मग नारायणगावचा डॉक्टर झाला, मग मुलगा सुदेश तिला पुण्याला घेऊन गेला. यकृताचा आजार होता आणि फार पुढं गेलेला होता. घरी न्या, खाऊ वाटेल ते खाऊ द्या, असं डॉक्टरांनी सांगितलं. परतताना पेठच्या घाटात राहेलनं विचारलं, किती दिवस म्हणले? सुदेशनं काच खाली केली नि बाहेर बघत राहिला. ती म्हणाली, बरं, म्हंजी गव्हाची पेरणी बघंन.

घरी आल्यावर तिनं जे सुरू केलं ते बघून कंडक्टर गांगरले. तिनं प्रतिभेला बसवून कुठल्या डब्यात काय, कोणत्या पाहुण्यांना कुठल्या कार्याला बोलवायचं विसरायचं नाही, हे सगळं सांगितलं. धड असलेली लुगडी काढून वाटून टाकली. राजुरीहून भावाला बोलावून घेतलं. आईच्या मातीच्या वेळी त्याच्याशी बिनसलं होतं, ते त्याचा हात हातात घेऊन मिटवलं. शेजारची धोंडाबाई रोज दुपारी यायची, तिच्याशी ती पूर्वीसारखीच हसत बोलायची. आपल्या मातीला कोणतं गीत म्हणायचं तेही तिनं प्रतिभेला सांगून ठेवलं, आणि सांगितलं की ते हळू चालीत घ्या, टाळ्या नकोत.

हे सगळं चाललेलं असताना कंडक्टर मात्र नवनवीन डॉक्टरांचे पत्ते शोधत हिंडत होते. कुणी संगमनेरचा वैद्य सांगितला, ते तिकडं गेले. कुणी झाडपाला सांगितला, तो आणला. आयुष्यभर ज्यानं "तयार ऱ्हावा" म्हणून सांगितलं, तो माणूस दारात गाडी आल्यावर लपायला जागा शोधत होता.

एका रविवारी राहेलला उठवेना. घरातले सगळे उपासनेला गेले, कंडक्टर तिच्याजवळ थांबले. बाहेर कोवळं ऊन पडलं होतं. दूर खोडदच्या दुर्बिणीच्या पांढऱ्या तबकड्या आभाळाकडं तोंड करून उभ्या होत्या. शेजारच्या रानात मोटर चालू होती. ती म्हणाली, आज मला उपदेश चुकंल, तुमीच सांगा काहीतरी. ते खाटेजवळ उभे राहिले, घसा खाकरला, आणि सवयीनं मोठ्यानं सुरुवात केली. तिनं हात वर केला.

"हळू बोला. मी हितंच हाये."

ते खाली बसले. पण हळू बोलायचं म्हटल्यावर त्यांना एक शब्द सुचेना. डोळे भरून आले. म्हणाले, "राहेल, मी तयार न्हाई गं."

"तुमाला कुठं जायाचंय आत्ता?" ती म्हणाली. "मला जायाचंय."

दोघंही हसले. मग ती म्हणाली, "करुणा गेली त्याच्या फुडचा रविवार आठवतोय का?"

करुणा त्यांची पहिली मुलगी. आठ महिन्यांची झाली नि दोन दिवसांच्या तापात गेली. लहानसा खड्डा काढून तिला मातीत ठेवलं ते कंडक्टरांना आठवत होतं. पाळणा आढ्याला तसाच टांगलेला राहिला होता, तोही आठवत होता. पण त्या रविवारचं काहीच नाही.

राहेल सांगायला लागली. त्या दिवशी पाळकसाहेब आले नव्हते. सगळे म्हणाले, आज नुसती प्रार्थना करून उठू. पण सावळेराम उभे राहिले. "तुमी त्या दिवशी वरडला न्हाईत," ती म्हणाली. "आवाजच फुटंना तुमचा. तुमी म्हणलात, आमचं लेकरू हरवलं न्हाई, फुडं गेलंय. आमच्या आदी घरी पोचलंय. आता आमी दोघं हितनं फुडं घरला जातोय आसं समजून चालू. मी तवा हिरीत जीव द्यायचं मनात घेऊन आले व्हते. डोळं मिटून ऐकत व्हते. मग मनात आलं, लेकरू घरी वाट बघतंय, तर आपुन आडवाटंला कशाला जायाचं."

कंडक्टर खाटेच्या आणखी जवळ सरकले.

"मी तवापासनं घरलाच चाललीये," राहेल म्हणाली. "आन तवापासनं तुमी बोलाय लागला की डोळं मिटती. उघडं डोळं आसलं की मानसं दिसत्यात, ऐकू येत न्हाई."

ती आणखीही सांगत राहिली, थांबत थांबत. धोंडाबाईच्या बकऱ्यांनी कांद्याचं रोप खाल्लं होतं, त्यावरून दोन्ही घरांचं बोलणं बंद झालेलं. एका रविवारी कंडक्टरांनी धर्माजी मास्तरांची ती उंबऱ्याची गोष्ट सांगितली. दुसऱ्या दिवशी सकाळी राहेल धोंडाबाईच्या दारात जाऊन उभी राहिली नि म्हणाली, चहा कर. त्या दोघी पुन्हा कशा बोलायला लागल्या हे कंडक्टरांना कधी कळलंच नव्हतं. त्यांना वाटलेलं, बायकांचं आपलं आपण मिटलं असेल.

"मला यातलं काय बी आठवत न्हाई," ते म्हणाले.

"तुमी कशाला आठवाल? सांगणारा सांगून मोकळा. ध्यानात ठेवायचं ऐकणाऱ्यानं."

तेव्हापासून कंडक्टरांनी वैद्य शोधणं बंद केलं. रविवारी उपासनेच्या वेळेला ते खाटेशी बसायचे, बायबलमधला एखादा भाग वाचायचे आणि हळू आवाजात तिच्याशी बोलायचे. उपदेश म्हणावा असं ते काही नव्हतं. कधी महाळुंग्याची चिंच निघायची, कधी लग्नानंतर पहिल्यांदा दोघं एसटीनं राजुरीला गेले होते ते. कधी तीच विचारायची, तिथं करुणा केवढी आसंल, तेवढीच का मोठी झाली आसंल? ते म्हणायचे, मला ठाव न्हाई. पूर्वी त्यांनी काहीतरी उत्तर दिलं असतं. ती म्हणायची, आसू दे, गेल्यावर बघते.

गव्हाची पेरणी तिनं खरंच पाहिली. ओंब्या धरायच्या आधी, एका दुपारी, प्रतिभा तिचे केस विंचरत असताना ती गेली. कंडक्टर पायांशी बसलेले होते. त्यांनी तिचे पाय नीट जुळवले, पांघरूण ओढलं आणि प्रतिभेला म्हणाले, सुदेशला फोन कर, सावकाश ये म्हणावं, घाई नको.

मातीला सगळी वस्ती आली. धोंडाबाई तिच्या घरच्या सगळ्यांना घेऊन आली आणि मंडळीबाहेरची माणसं एरवी थांबायची त्या कबरस्तानाच्या फाटकाशी न थांबता खड्ड्यापर्यंत गेली. गीत हळू चालीत झालं. संदेश पाळकसाहेबांनी दिला. कंडक्टर डोळे मिटून ऐकत होते.

त्यानंतर बरेच रविवार ते पुढं उभे राहिले नाहीत. पाळकसाहेब नसले तर कुणी एखादा तरुण वाचून दाखवायचा. कंडक्टर आपले मागं खिडकीखाली बसायचे. कुणी आग्रह केला तर म्हणायचे, जरा ऐकू द्या मला, आजवर मी नुसताच बोललोय.

ऐकताना त्यांना नवल वाटायचं. पोरगं अडखळत वाचायचं, निम्मं बोलणं इकडून तिकडं जायचं, आणि मधूनच एखादं वाक्य असं यायचं की दिवसभर पुरावं. ते वाक्य आपल्यात रुजलं हे त्या पोराला कधी कळणारही नाही, हे त्यांच्या ध्यानात यायचं. मग मागची सगळी वर्षं आठवायची. भर उन्हात पत्र्याखाली घाम पुसत बसलेली माणसं, मांडीवर पेंगणारी पोरं, शेवटच्या गीताआधीच चपला शोधणारे म्हातारे. त्यातल्या कुणी काय नेलं असेल, कोण जाणे.

पुढच्या ईस्टरला पहाटे सगळी मंडळी कबरस्तानात जमली. दर वर्षाचा रिवाज तो. आदल्या दिवशी गवत काढलेलं, कबरींना चुना लावलेला, वर झेंडूची नि मोगऱ्याची फुलं. उसात बिबट्या असतो म्हणून माणसं घोळक्यानं, बॅटऱ्या घेऊन आली होती. पाळकसाहेबांची पहाटेची उपासना दुसऱ्या गावात होती. प्रतिभा सासऱ्याजवळ आली.

"मामा, आज तुम्ही बोला. आत्या असत्या तर त्यांना आवडलं असतं."

कंडक्टर पुढं गेले. एका बाजूला राहेलची नवी कबर होती, तिच्याशेजारी करुणाची, जमिनीला मिळत आलेली. ते बोलायला लागले तेव्हा मागच्यांना दोन पावलं पुढं सरकावं लागलं, इतका आवाज खाली होता. त्यांनी राहेलबद्दल सांगितलं. विहिरीचं सांगितलं, कांद्याच्या रोपाचं सांगितलं, भावाचा हात धरल्याचं सांगितलं. म्हणाले, मी एवढी वर्षं सांगत आलो की तयारी करा, पण ती कशी करत्यात ते मला हिनं दावलं. ती रोज थोडी थोडी करायची असती, सैपाकासारखी. एवढं सांगून ते थांबले. पुढं काय म्हणायचं ते त्यांना सुचलं नाही आणि त्यांनी जुळवूनही आणलं नाही. त्यांनी डोकं लववलं, प्रार्थना केली आणि बाजूला झाले.

प्रतिभेनं गीत धरलं. नारायणगडाच्या मागून उजाडत होतं. गीत संपल्यावर बायकांनी पातेल्यावरचं झाकण काढलं. पोहे नि चहा सगळ्यांना वाढला. माणसं कबरींच्या कडेनं बसून खाऊ लागली, जुन्या माणसांच्या गोष्टी निघाल्या. कंडक्टरांच्या शेजारी मंडळीतली एक तरुण सून येऊन बसली. घरात सासूशी पटत नव्हतं तिचं, सगळ्यांना माहीत होतं. त्यांनी आपल्या बशीतली लिंबाची फोड तिच्या बशीत ठेवली, आणि दोघं चहा पीत बसले.