फर्दापूरच्या माळावरचा ठिपका

त्या हिवाळ्यात मी एका छोट्या कंपनीत नोकरीला होते. चितेगावच्या कारखान्यांतला माल जळगावकडे किती वेळात जातो, ठरल्या वेळेला पोचतो का, गाड्या रिकाम्या किती धावतात, हे मोजायचं आमचं काम. ट्रकच्या सीटखाली एक छोटी डबी चिकटवलेली असायची. ती स्वतःच्या बॅटरीवर चालायची आणि गाडी कुठं आहे ते कळवत राहायची. माझ्या पडद्यावर प्रत्येक गाडीचा एक लाल ठिपका. सकाळी पुंडलिकनगरातून स्कूटीवर निघायचं, ऑफिसात चहा घ्यायचा आणि ठिपके बघत बसायचं.

एक ठिपका मात्र विचित्र वागायला लागला. सिल्लोडच्या पुढं रस्ता सोडून एका शेतात शिरला आणि थांबला. दुसऱ्या दिवशी जरासा सरकला, पुन्हा थांबला. मी ट्रकमालकाला फोन केला. तो म्हणाला, "माल तर वेळेवर पोचतोय." मग ट्रक शेतात काय करतोय? नियमाप्रमाणे मी 'गंभीर विलंब' असा शेरा मारला, आणि तो नियमाप्रमाणेच मालकाकडे गेला. ड्रायव्हर मधल्या मधे दुसऱ्याचा माल वाहतो, असा अर्थ मालकानं काढला आणि त्याला गाडीवरून उतरवलं.

दोन दिवसांनी तो ड्रायव्हर ऑफिसात आला. बरोबर बायको.

"मॅडम, तुमच्या डबीनं माझं घर मोडायला आणलंय," तो म्हणाला.

"आत्ता ट्रक कुठं आहे?"

"मालकाच्या दारात उभाय."

मी पडदा त्याच्याकडे वळवला. ठिपका फर्दापूरच्या अलीकडे होता, आणि चालत होता.

"सीटखाली डबी आहे का बघितलंत?"

"बघितलं ना. काहीच नाय. मालक म्हणतो मीच फेकली."

"फेकलेली डबी चालंल व्हय?" बायको मधेच म्हणाली. "मॅडम, मला एवढंच सांगा, फर्दापुरात कोण हाय ह्यांचं?"

शेवटी ऑफिसची जीप घेऊन आम्ही तिघं निघालो. बायको नवऱ्याला सोडून मागं बसली. अजिंठ्याचा घाट उतरलो, तसा मोबाइलवरचा ठिपका जवळ येत गेला. फर्दापूरच्या बाहेर, रस्त्यापासून आत, एका माळावर तो थांबलेला होता.

माळावर मेंढरं पसरली होती. एका बाजूला छोटा टेम्पो उभा. त्याच्या हौद्यात भांडी, गोधड्या, जाळीत कोकरं, आणि या सगळ्याच्या मधे, ट्रकच्या सीटवर टेकून बसलेली एक म्हातारी.

"आरं, ही तर माझी सीट!" ड्रायव्हर ओरडला.

मग उलगडा झाला. चितेगावच्या गॅरेजात त्यानं नवी सीट बसवून घेतली होती, जुनी तिथंच टाकून आला होता. म्हातारीचे गुडघे गेलेले. तिचा मेंढपाळ मुलगा टेम्पो दुरुस्तीला घेऊन त्याच गॅरेजात आला होता, त्यानं ती सीट आईला बसायला म्हणून उचलली होती. मी खाली हात घातला. डबी तशीच चिकटलेली, बारीक दिवा लुकलुकत होता.

तो दिवा बघून मुलाचा चेहरा उतरला. "फारेस्टची हाय का ताई? आमी जंगलात पाऊल टाकलं नाय."

त्याची समजूत घालायला बराच वेळ लागला. मग सवयीनं मी विचारून गेले, "कुठं निघालात?"

"खानदेशात."

"कधी पोचणार?"

"तिकडं कापूस निघाला, रानं मोकळी झाली, की मग. लवकर पोचून काय करू?"

आमच्या कामात पोचायची वेळ आधी ठरवायची आणि उशीर नंतर मोजायचा. इथं कुठून मोजायचं, तेच कळेना.

ड्रायव्हरची बायको एव्हाना टेम्पोत चढून म्हातारीशेजारी चहा पीत होती. मांडीवर कोकरू. परतताना ती नवऱ्याशेजारी बसली. घाट चढल्यावर मला म्हणाली, "मालकाला तुमीच सांगा. आमचं नाय ऐकायचा."

मी जीपमधूनच फोन लावला. मालकानं सगळं पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. "मशीन खोटं बोलतंय का मग?"

"नाही हो. मशीन खरंच सांगत होतं. सीट दुसरीकडे गेली होती."

त्याला ते कितपत पटलं, देव जाणे. पण ड्रायव्हरला गाडी परत मिळाली.

आमच्या साहेबांनी मात्र हसत हसत सांगितलं, "त्या टेम्पोच्या प्रवासाची नोंद पुसून टाका." मी पुसली. सगळ्या गाड्यांचा सरासरी उशीर लगेच खाली आला. अहवाल सादर झाला त्या बैठकीत एका कारखान्याच्या अधिकाऱ्यानं मला कौतुकानं विचारलं, "या मार्गावर एवढी सुधारणा कशी घडवलीत?"

मी साहेबांकडे पाहिलं. ते कागद आवरत होते. ट्रक होते तेच होते, घाट होता तोच होता. "सर, आम्ही फक्त मोजलं," एवढंच मी बोलले. माझा विनय समजून त्यानं मान डोलावली.